अदृश्य संपादक : समाजमाध्यमांच्या घडणीचा इतिहास

१

समाजमाध्यमांचा इतिहास सांगण्याची एक रूढ पद्धत आहे. वृत्तपत्र, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी या माध्यमांत मोजके लोक बोलत आणि असंख्य लोक ऐकत. संगणकजालामुळे ही विषमता संपली आणि प्रत्येक वाचक लेखक झाला, असे तिचे सूत्र असते. या मांडणीत तथ्य नाही असे नाही. छापखाना, कागद आणि वितरण यांचा खर्च ज्यांच्या आवाक्याबाहेर होता, अशा समूहांना या माध्यमांनी लेखनाची संधी दिली, हे मान्य करावेच लागेल. परंतु ‘कोण लिहितो’ या एकाच प्रश्नावर ही मांडणी थांबते. लिहिलेल्यापैकी कोणापुढे काय येते, कशानंतर काय येते आणि तो क्रम ठरवणारा कोणाला उत्तरदायी असतो, हे प्रश्न ती विचारत नाही. वाङ्मयव्यवहाराच्या अभ्यासकाला मात्र हेच प्रश्न अधिक महत्त्वाचे वाटले पाहिजेत, कारण परंपरेने त्यांचे उत्तर ‘संपादक’ या संस्थेत सापडत आले आहे.

संपादनाच्या व्यवहारात तीन कार्ये एकत्र आलेली असतात. पहिले निवडीचे, दुसरे क्रमाचे आणि तिसरे उत्तरदायित्वाचे. आलेल्या मजकुरातून काही स्वीकारणे व काही परत करणे, स्वीकारलेल्याला अंकात विशिष्ट जागा देणे आणि या दोन्ही निर्णयांखाली आपले नाव घालणे, ही ती कार्ये होत. मराठीत या संस्थेचे स्वरूप स्पष्टपणे पाहायचे असेल तर ‘सत्यकथा’ मासिकाचे उदाहरण पुरेसे आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाने मराठी नवसाहित्याची अभिरुची घडवली, आणि त्याच संपादनाविरुद्ध साठच्या दशकात अनियतकालिकांची चळवळ उभी राहिली. ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी करण्यापर्यंत तो विरोध गेला. हा विरोध योग्य की अयोग्य हा येथे प्रश्न नाही. तो शक्य झाला याचे कारण असे की, निवड करणाऱ्याला नाव होते, पत्ता होता आणि त्याच्या निवडीमागील वाङ्मयीन भूमिका वाचता येत होती. ज्यांना ती अमान्य होती त्यांनी चक्रमुद्रित अंक काढून आपले वेगळे संपादन उभे केले.

समाजमाध्यमांच्या इतिहासात संपादक नाहीसा झाला असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात त्याची तीन कार्ये एकमेकांपासून सुटी झाली. निवड आणि क्रम ही कार्ये टप्प्याटप्प्याने माध्यमाच्या मालकाकडे गेली आणि उत्तरदायित्व मात्र लेखकाकडे, काही वेळा तर वाचकाकडेही, राहिले. हे विलगीकरण तंत्रज्ञानाच्या स्वभावातून आपोआप घडलेले नाही. त्यामागे विशिष्ट वर्षी घेतलेले विशिष्ट निर्णय आहेत आणि म्हणूनच त्याचा इतिहास लिहिता येतो.

२

संगणकाच्या साहाय्याने परस्परांशी लेखी संवाद साधण्याचे पहिले लक्षणीय प्रयोग १९७० च्या दशकातील आहेत. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात अध्यापनासाठी विकसित झालेल्या ‘प्लेटो’ या संगणकप्रणालीवर १९७३ मध्ये ‘नोट्स’ ही सुविधा आली. प्रणालीतील दोष नोंदवण्यासाठी ती मुळात तयार झाली होती. अल्पावधीतच ती चर्चेची जागा बनली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे ‘कम्युनिटी मेमरी’ हा प्रयोग सुरू झाला. ध्वनिमुद्रिकांच्या एका दुकानात एक दूरटंकयंत्र ठेवण्यात आले आणि रस्त्यावरून येणाऱ्या कोणालाही त्यावर मजकूर लिहिण्याची व इतरांचा मजकूर शोधण्याची मुभा देण्यात आली. वाद्यवृंदासाठी साथीदार शोधणाऱ्यांपासून कविता लिहिणाऱ्यांपर्यंत अनेकांनी तिचा उपयोग केला. येथे मजकूर वाचकापुढे आपणहून येत नसे. वाचकाने शब्द द्यायचा आणि त्या शब्दाखाली नोंदवलेले लेखन मागवायचे, अशी रीत होती. वाचनाचा क्रम वाचकाच्या जिज्ञासेने ठरत होता.

फेब्रुवारी १९७८ मध्ये शिकागो येथे वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी दूरध्वनीवरून जोडता येणारा पहिला संगणकीय सूचनाफलक सुरू केला. पुढे अशा सूचनाफलकांची संख्या हजारोंच्या घरात गेली. प्रत्येक फलक कोणाच्या तरी घरातील संगणकावर चालत असे. त्याचा चालक परिचित असे, नियम त्याचे असत आणि न पटल्यास सदस्य दुसऱ्या फलकाकडे जात. लहान नियतकालिकाच्या संपादकाशी या चालकाचे जे साधर्म्य आहे ते नजरेत भरण्यासारखे आहे.

१९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी ‘यूझनेट’ची कल्पना मांडली आणि १९८० मध्ये ते जाल कार्यान्वित झाले. यूझनेटला मध्यवर्ती संगणक नव्हता. एका संस्थेचा संगणक दुसऱ्या संस्थेच्या संगणकाला दूरध्वनीवरून मजकूर पोचवी आणि तो पुढे जाई. विषयवार गट असत. त्यांतील काही गटांवर नियंत्रक असत आणि त्यांची संमती मिळाल्याखेरीज मजकूर प्रसृत होत नसे. उरलेल्या बहुसंख्य गटांत कोणीही लिहू शके. वाचकाला नको असलेल्या लेखकाचे वा विषयाचे लेखन आपल्यापुरते वगळण्याची सोय वाचनाच्या साधनातच उपलब्ध होती. निवडीचा अधिकार अशा रीतीने वाचकाकडेच होता आणि तो दृश्य होता. परदेशातील भारतीय विद्यार्थी व अभियंते यांनी भारतीय संस्कृतीविषयीच्या गटात जे वाद घातले, त्यांत पुढील काळातील अनिवासी भारतीयांच्या वैचारिक व्यवहाराची बीजे दिसतात.

१९८५ मध्ये स्ट्यूअर्ट ब्रँड आणि लॅरी ब्रिलियंट यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरात ‘द वेल’ हा संवादसमूह स्थापन केला. आपल्या शब्दांचा स्वामी लेखक स्वतःच, हे त्याचे मूळ तत्त्व होते. या तत्त्वाला दोन बाजू होत्या. लेखनावर हक्क लेखकाचा, हा एक अर्थ आणि त्याची जबाबदारीही त्याचीच, हा दुसरा. पुढील काळातील मोठ्या कंपन्यांनी यांतील दुसरा अर्थ तेवढा उचलला. ‘वेल’वर मात्र सदस्यांना खऱ्या नावाने वावरावे लागे, चर्चेला यजमान असत आणि या यजमानांच्या निर्णयांवरही उघड चर्चा होई. हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड यांनी १९९३ मध्ये ‘द व्हर्च्युअल कम्युनिटी’ या ग्रंथात जो आशावाद मांडला, त्याला हा अनुभव आधारभूत होता.

या पहिल्या पर्वाचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. त्यातील सहभागी प्राधान्याने इंग्रजी जाणणारे, विद्यापीठांशी वा संगणकव्यवसायाशी संबंधित आणि बहुतांशी पुरुष होते. त्यांच्या समानतेला प्रवेशाच्या अटींचे कुंपण होते. सप्टेंबर १९९३ पासून व्यापारी सेवांच्या ग्राहकांना यूझनेट खुले होऊ लागले, तेव्हा जुन्या सदस्यांनी ही घटना आपत्ती म्हणून नोंदवली, यावरून त्या कुंपणाची कल्पना येते.

३

नव्वदच्या दशकात या व्यवहाराचे व्यापारीकरण होऊ लागले आणि संपादनाचा प्रश्न प्रथमच न्यायालयात गेला. १९९१ मध्ये ‘कॉम्प्युसर्व्ह’ या अमेरिकी कंपनीवर तिच्या जालावरील बदनामीकारक मजकुराबद्दल दावा झाला. ही कंपनी मजकूर तपासत नाही, तिचे स्थान ग्रंथालय वा पुस्तकविक्रेत्यासारखे आहे, असे मानून न्यायालयाने तिला मुक्त केले. १९९५ मध्ये ‘प्रॉडिजी’ या कंपनीवर तसाच दावा झाला. आपल्या चर्चा कौटुंबिक वातावरणाला साजेशा राहाव्यात म्हणून तिने नियम केले होते आणि मजकूर वगळण्याची व्यवस्था ठेवली होती. न्यू यॉर्कच्या न्यायालयाने याच कारणास्तव तिला प्रकाशक ठरवले. या दोन निर्णयांचा एकत्रित अर्थ विलक्षण होता. जो संपादन करील तो जबाबदार आणि जो मुळीच लक्ष देणार नाही तो निर्दोष, असा तो अर्थ होता.

ही विसंगती दूर करण्यासाठी १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने दूरसंचारविषयक कायद्यात एक कलम घातले. ‘कलम २३०’ या नावाने ते ओळखले जाते. इतरांनी पुरवलेल्या मजकुराबाबत संगणकीय सेवा पुरवणाऱ्यास प्रकाशक मानले जाणार नाही, असे त्याने ठरवले आणि आक्षेपार्ह मजकूर सद्हेतूने वगळल्यास त्यालाही संरक्षण दिले. लहान सूचनाफलकांच्या चालकांना नष्ट होण्यापासून वाचवणारी ही तरतूद होती. परंतु तिच्यामुळे संपादनाचा अधिकार आणि संपादनाचे दायित्व यांची कायद्यानेच फारकत झाली. निवड करणाराही प्रकाशक ठरणार नाही, हे एकदा मान्य झाल्यावर त्या निवडीचा विस्तार किती होऊ शकतो, याचा अंदाज १९९६ मध्ये कोणाला नव्हता.

भारतातील माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. त्याच्या ७९ व्या कलमात २००८ मध्ये दुरुस्ती होऊन ‘मध्यस्थ’ या संकल्पनेला संरक्षण मिळाले. ज्या पर्यायी अटींवर हे संरक्षण देण्यात आले, त्यांत मध्यस्थाने संदेश घेणाऱ्याची निवड करू नये आणि संदेशातील मजकूर निवडू वा बदलू नये, या अटींचा उल्लेख आहे. तार वा टपाल यांच्या प्रतिमानावर बेतलेली ही भाषा आहे. कोणता मजकूर कोणाच्या दृष्टीस पडावा हे ठरवणे हेच ज्याचे मुख्य काम बनले, अशा माध्यमाला ती कितपत लागू पडते, हा प्रश्न तेव्हापासून अनुत्तरित आहे.

४

याच सुमारास साहित्यसमीक्षेत वेगळ्या दिशेने विचार चालला होता. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा करून अर्थनिर्मितीचे केंद्र वाचकाकडे नेले होते आणि मिशेल फूको यांनी १९६९ मध्ये ‘लेखक’ हे एक प्रवचनात्मक कार्य असल्याचे दाखवले होते. जॉर्ज लँडो यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हायपरटेक्स्ट’ या ग्रंथात समकालीन समीक्षासिद्धान्त आणि संगणकीय संहिता एकाच ठिकाणी येऊन पोचल्याचे प्रतिपादन केले. दुव्यांनी जोडलेल्या संहितेत वाचक आपली वाट स्वतः निवडतो, म्हणून तो सहलेखक ठरतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये प्रस्तावित केलेले आणि १९९३ मध्ये सर्वांसाठी विनामूल्य खुले झालेले विश्वव्यापी जाल या युक्तिवादाची साक्ष देत आहे असे काही काळ वाटत होते.

पहिल्या मैत्रीजालांनी ही अवस्था मोडली नव्हती. १९९७ मध्ये अँड्र्यू वाइनराइक यांनी ‘सिक्स डिग्रीज’ सुरू केले. कोणतीही दोन माणसे मोजक्या मध्यस्थांनी जोडलेली असतात, या कल्पनेवरून ते नाव घेतले होते. ही कल्पना हंगेरियन लेखक फ्रिडेश कॅरिन्थी यांनी १९२९ मध्ये एका कथेत मांडली होती आणि समाजमानसशास्त्रात तिची परीक्षा स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६७ मध्ये केली. यानंतर ‘फ्रेंडस्टर’ (२००२), ‘मायस्पेस’ (२००३), ‘ऑर्कुट’ (जानेवारी २००४) आणि ‘फेसबुक’ (फेब्रुवारी २००४) ही जाले आली. डॅना बॉइड आणि निकोल एलिसन यांनी २००७ मध्ये या प्रकाराची जी व्याख्या केली तीत तीन घटक आहेत : स्वतःचे परिचयपृष्ठ, संबंधितांची यादी आणि त्या याद्यांतून फिरण्याची सोय. ‘फिरणे’ हा यातील कळीचा शब्द होय. ऑर्कुटवर एखाद्याने काय लिहिले हे पाहायचे असेल तर त्याच्या पृष्ठावर जावे लागे. वाचक प्रवासी होता.

भारतात आणि ब्राझीलमध्ये ऑर्कुटला जी लोकप्रियता मिळाली ती अमेरिकेत मिळाली नाही. महाराष्ट्रातील महाविद्यालयीन पिढीचे पहिले सार्वजनिक लेखन बऱ्याच अंशी तेथे झाले. बहुधा ते रोमन लिपीतील मराठीत होते. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच झालेला असला, तरी सर्वसामान्य संगणकांवर ती सहजतेने लिहिता येण्यास बराच अवधी लागला. ही अडचण मराठी संकेतस्थळांनी आपापल्या परीने सोडवली. ‘मायबोली’ (१९९६), ‘मनोगत’ (२००४) आणि ‘मिसळपाव’ (२००७) येथे रोमन कळफलकावरून देवनागरी लिहिण्याच्या सोयी होत्या. या स्थळांवर प्रशासक होते, धोरणे जाहीर होती, नापसंत धोरणांवर वाद होत आणि वादातून फुटून नवी स्थळे निघत. स्वयंसेवी संपादक मंडळे तेथे दिवाळी अंकही काढत. मराठी नियतकालिकांची परंपरा नव्या माध्यमात जिवंत राहिली ती या ठिकाणी. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झाले तेव्हा वाचक आणि लेखक यांचा मोठा भाग आधीच दुसरीकडे गेलेला होता.

५

या इतिहासातील निर्णायक तारीख ५ सप्टेंबर २००६ ही मानली पाहिजे. त्या दिवशी फेसबुकने ‘न्यूज फीड’ सुरू केला. परिचितांच्या पृष्ठांवरील बदल एकत्र करून प्रत्येक सदस्यापुढे एकाच प्रवाहात मांडण्याची ही योजना होती. सदस्यांनी तिला तीव्र विरोध केला आणि त्याच माध्यमावर स्थापन झालेल्या निषेधगटात काही लाख लोक सामील झाले. विरोधाचा रोख खाजगीपणाच्या भंगावर होता. कंपनीने क्षमायाचना करून काही नियंत्रणे दिली, प्रवाह मात्र कायम ठेवला. या बदलाचे वाङ्मयीन परिणाम तेव्हा फारसे कोणाच्या ध्यानात आले नाहीत. वाचकाने पृष्ठाकडे जाण्याऐवजी पृष्ठ वाचकाकडे येऊ लागले आणि त्यामुळे ‘कोणत्या क्रमाने’ हा प्रश्न वाचकाच्या हातून निसटला.

प्रवाहाला क्रम हवा आणि क्रमाला निकष हवा. फेब्रुवारी २००९ मध्ये आलेल्या ‘लाइक’च्या खुणेने हा निकष पुरवला. वाचनाची प्रतिक्रिया एका स्पर्शात नोंदवता येऊ लागली आणि म्हणून मोजता येऊ लागली. त्याच वर्षी ट्विटरने इतरांचा मजकूर एका कळीने पुनःप्रसृत करण्याची सोय आणली. २०१० मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी आपल्या क्रमवारीचे तीन घटक जाहीरपणे सांगितले : वाचक आणि लेखक यांची जवळीक, प्रतिक्रियेच्या प्रकाराचे वजन आणि मजकुराचे वय. पुढे या तीन घटकांची जागा असंख्य घटकांच्या संगणकीय अनुमानाने घेतली. यूट्यूबने २०१२ मध्ये चित्रफीत किती वेळा उघडली यापेक्षा ती किती वेळ पाहिली याला प्राधान्य दिले. ट्विटर आणि इन्स्टाग्राम यांनी २०१६ मध्ये कालानुक्रम सोडून अनुमानाधारित क्रम स्वीकारला.

या क्रमवारीला संपादन म्हणावे काय, असा आक्षेप येऊ शकतो. अल्गोरिदमला अभिरुची नसते, तो वाचकांच्याच आवडीचे प्रतिबिंब दाखवतो, असे त्याचे समर्थन केले जाते. दोन घटना या समर्थनाला छेद देतात. पहिली २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाची. जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडाभर फेसबुकने ६,८९,००३ सदस्यांच्या प्रवाहात फेरफार करून काहींपुढील आनंददर्शक मजकूर आणि काहींपुढील दुःखदर्शक मजकूर कमी केला होता. त्यानंतर त्या सदस्यांनी लिहिलेल्या शब्दांत अल्पसा, पण मोजता येईल असा बदल दिसला. ज्यांच्यावर हा प्रयोग झाला त्यांना त्याची स्वतंत्र पूर्वसूचना नव्हती. वाचनाचा क्रम बदलला तर लेखनाचा सूर बदलतो, हे मालकानेच सिद्ध केले होते. दुसरी घटना २०२१ मध्ये फ्रान्सेस हॉगन यांनी उघड केलेल्या अंतर्गत कागदपत्रांची. २०१७ पासून प्रेम, हास्य, आश्चर्य, दुःख आणि संताप दर्शवणाऱ्या भावचिन्हांना साध्या पसंतीच्या पाचपट वजन दिले जात होते, हे त्यांवरून कळले. संतापाचे वजन नंतर उतरवत नेऊन शून्य करण्यात आले. संतापाला पाच गुण द्यावेत की शून्य, हा मूल्यनिर्णय आहे. संपादक जे शब्दांत म्हणतो ते येथे अंकांत म्हटले गेले, आणि ज्यांच्या लेखनावर त्याचा परिणाम झाला त्यांच्यापर्यंत चार वर्षे त्याची वार्ता पोचली नाही.

लेखनप्रकारांवर याचे परिणाम झाले. ट्विटरची १४० अक्षरांची मर्यादा भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाच्या १६० अक्षरांवरून आलेली होती आणि २०१७ मध्ये ती २८० करण्यात आली. हे बंधन बाह्य आणि स्पष्ट होते, छंदासारखे. क्रमवारीचे बंधन वेगळ्या जातीचे आहे. ते सांगितले जात नाही, म्हणून लेखक त्याचा अंदाज घेत लिहितो. पहिल्याच वाक्यात वाद उपस्थित करणे, आत्मनिवेदनाची तीव्रता वाढवणे, प्रतिक्रियेला आमंत्रण देणारा शेवट करणे या सवयी अशा अंदाजातून रुजल्या. बार्थ यांच्या वाचकाने लेखकाची जागा घ्यायची होती. येथे वाचकाचे सांख्यिकीय अनुमान लेखकाच्या आधी येऊन बसले.

६

क्रमवारी हाच सर्व अनर्थाचा उगम, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. व्हॉट्सॲपचा इतिहास त्याच्या आड येतो. २००९ मध्ये सुरू झालेले आणि २०१४ मध्ये फेसबुकने सुमारे १९ अब्ज डॉलरला विकत घेतलेले हे माध्यम परिचितांमधील संदेशांना कालक्रमानेच दाखवते. येथे कोणी गुप्त क्रमवारी लावत नाही. २०१६ नंतर भ्रमणध्वनीवरील विदा स्वस्त झाल्यावर ग्रामीण महाराष्ट्रापर्यंत ते पोचले आणि अनेकांच्या दृष्टीने वाचनाचे मुख्य साधन झाले.

या माध्यमाचे वैशिष्ट्य ‘पुढे पाठवणे’ या क्रियेत आहे. मजकूर पुढे जातो, लेखकाचे नाव मागे राहते. पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांच्या नावावर त्यांनी कधीही न लिहिलेले उतारे सर्वत्र फिरतात, ही बाब कोणाही मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. मराठी संहिताशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. संतकवींच्या नाममुद्रा घालून इतरांनी रचलेले अभंग गाथांत मिसळले आणि ते वेगळे काढण्यासाठी संशोधकांना हस्तलिखितांची तुलना करावी लागली. नाममुद्रा तेथे परंपरेत सामील होण्याची खूण होती. व्हॉट्सॲपवरील उसने नाव मजकुराला वजन देण्यासाठी घेतलेले असते. तसेच हस्तलिखितांच्या परंपरेत नकलकाराचा हात, काळ आणि प्रदेश यांचे अवशेष राहतात. संगणकीय नक्कल मूळाशी तंतोतंत जुळते, त्यामुळे वाचकाला संक्रमणाचा मागच लागत नाही. शिवाय संदेश परिचिताकडून येतो आणि परिचिताची विश्वसनीयता नकळत मजकुराला चिकटते.

याची किंमत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मोजली गेली. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. अफवा व्हॉट्सॲपपूर्वीही होत्या आणि भटक्या जमातींविषयीचा संशय तर ब्रिटिशकालीन कायद्यांनी पोसलेला होता. माध्यमाने त्या संशयाला वेग आणि पुराव्याचा आभास दिला. त्याच महिन्यात कंपनीने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवण्यास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा घातली. पुढे ही मर्यादा जगभर लागू झाली आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेल्या संदेशांपुरती ती एकावर आली. मजकूर न वाचता केवळ त्याची गती कमी करणे हेही संपादनाचेच एक रूप आहे. निवड आणि क्रम यांपैकी काहीही नसताना कोणी तरी थांबवण्याची गरज पडते, हे या घटनेने दाखवले.

७

उत्तरदायित्व या तिसऱ्या कार्याचे काय झाले, याचे उत्तर महाराष्ट्रातीलच एका प्रकरणातून मिळते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी प्रश्न विचारणारा मजकूर फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघर येथील एका तरुणीला अटक झाली. तो मजकूर ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही अटक झाली. पुढे हे प्रकरण बंद करण्यात आले, परंतु दुसऱ्या अटकेचा अर्थ विसरता येण्यासारखा नाही. पसंतीची खूण करणे हे वाचन की प्रकाशन, हा प्रश्न पोलिसांनी प्रकाशनाच्या बाजूने सोडवला. माध्यमाच्या मालकाला कायद्याने प्रकाशक मानले नव्हते. वाचकाला मात्र मानले गेले.

त्या अटकेत वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ‘श्रेया सिंघल’ खटल्यात घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्याच निकालात ७९ व्या कलमाचा अर्थही निश्चित झाला. न्यायालयाचा वा शासनाचा आदेश असल्याखेरीज केवळ कोणाच्या तक्रारीवरून मजकूर काढण्याची सक्ती मध्यस्थावर करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. अभिव्यक्तीच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा आहे. मजकूर ठेवावा की काढावा हा प्रश्न त्याने सोडवला. ठेवलेला मजकूर कोणापुढे आणि कितव्या क्रमाने यावा, हा प्रश्न त्याच्या कक्षेत आलाच नाही. २०२१ च्या भारतीय नियमांनी तक्रारनिवारण अधिकारी नेमण्याचे आणि शासनाने मागितल्यास संदेशाचा पहिला प्रवर्तक शोधून देण्याचे बंधन मोठ्या कंपन्यांवर घातले. येथेही शोध लेखकाचाच आहे.

क्रमाच्या प्रश्नाला थेट हात घातला तो युरोपीय संघाने. २०२२ मध्ये संमत झालेल्या आणि फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झालेल्या ‘डिजिटल सेवा कायद्या’ने शिफारस करणाऱ्या व्यवस्थांचे मुख्य निकष सुबोध भाषेत जाहीर करण्याचे बंधन घातले आणि अतिविशाल माध्यमांनी वैयक्तिक माहितीवर न बेतलेला किमान एक पर्यायी क्रम द्यावा, असे ठरवले. या तरतुदी कितपत परिणामकारक ठरतील हे काळ सांगेल. संपादनाचे धोरण जाहीर असावे, ही नियतकालिकांच्या जगातील साधी अपेक्षा कायद्याच्या भाषेत उतरली, एवढे त्यांचे महत्त्व निश्चित आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका उद्योगपतीने ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतले आणि जुलै २०२३ मध्ये त्याचे नाव ‘एक्स’ असे बदलले. संपादकीय धोरण मालकीसोबत एका व्यवहारात हस्तांतरित होऊ शकते, हे त्या घटनेने जगजाहीर केले होते.

समीक्षेपुढील काम यातून स्पष्ट होते. समाजमाध्यमांवरील लेखनाचा विचार आजवर प्रामुख्याने भाषेच्या शुद्धाशुद्धतेच्या, लोकशाहीकरणाच्या किंवा सवंगतेच्या अंगाने झाला आहे. या सर्व विचारांत संहिता ही जणू एकटीच वाचकापुढे उभी असते. प्रत्यक्षात ती एका प्रवाहात, कशाच्या तरी आधी आणि कशाच्या तरी नंतर, वाचली जाते आणि तिचा अर्थ त्या शेजारातून घडतो. दुष्काळावरील कवितेच्या खाली विनोदी चित्रफीत आणि तिच्या खाली जाहिरात असा अंक कोणत्या संपादकाने काढला असता, तर त्याला जाब विचारला गेला असता. हा अंक रोज निघतो, प्रत्येक वाचकापुरता वेगळा निघतो आणि त्यामुळे दोन वाचकांना त्यावर एकत्र आक्षेप घेणेही अवघड होते. ‘सत्यकथे’चा अंक जाळणाऱ्यांच्या हातात निदान एकच अंक होता. सामायिक अंकाच्या अभावी सामायिक वादही उभा राहत नाही, आणि वाङ्मयीन संस्कृतीला संपादकाच्या अभिरुचीपेक्षा या अभावाची हानी अधिक पोचण्याचा संभव आहे. म्हणून वाचनाचा क्रम हाच संहितेचा भाग मानून त्याची नोंद ठेवणे, त्याचे निकष मागणे आणि त्यांची चिकित्सा करणे ही समीक्षेची आजची जबाबदारी ठरते.